डोळे मिटलेल्यांची राखण

एका बाईंनी मला विचारलं होतं, "सर, मी डोळे मिटून पडलेली असायची, तवा तुमी बघत व्हता ना?"

मी म्हणालो, "हो ताई, बघत होतो."

मी बघत नव्हतो. मी मोबाईल बघत होतो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझी बायको माझ्याच क्लिनिकच्या बाहेरच्या टेबलावर बसते, नंबर लावते, फोन घेते. तिलाही नाही. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं होतं की जुनाट दुखणं आणि थकवा यांवर शिथिलीकरणाच्या काही सोप्या गोष्टी लिहा, वाचकांना घरच्या घरी करता येतील अशा. लिहायला बसलो की दर वेळी पहिल्यांदा वरची चार वाक्यंच येतात. खोडली, पुन्हा आली. तेव्हा आता ती राहू देतो, आणि बाकीचं त्यांच्या मागून लिहितो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लातूरला, क्लासेसच्या भागात, एका झेरॉक्सच्या दुकानावर माझं क्लिनिक. शनिवारी नांदेडला एका मित्राच्या दवाखान्यात बसतो. शेक, मशीन, व्यायाम हे सगळं आहेच. पण माझ्याकडे जास्त करून ती माणसं येतात ज्यांचं दुखणं एक्स-रेच्या फोटोत दिसत नाही. आधी मान दुखते, मग खांदे, मग कंबर, आणि मग एक दिवस सगळं अंगच दुखायला लागतं. रात्रभर झोपून उठलं तरी ओझी वाहिल्यासारखं वाटतं. रक्त तपासलेलं असतं, एमआरआय झालेला असतो, आणि 'सगळं नॉर्मल आहे' हे ऐकून ऐकून माणूस रडकुंडीला आलेलं असतं. कारण नॉर्मल म्हटलं की घरचे त्याचा अर्थ ढोंग असा लावतात.

ढोंग नसतं. दुखणं महिनोन् महिने राहिलं की शरीर सावध राहायला शिकतं. खांदे कानांकडे चढलेले, दात दाबलेले, श्वास छातीत वरच्या वर. झोपेतसुद्धा अंग पुरतं सुटत नाही, म्हणून थकवा. थकवा आला की दुखणं जास्त जाणवतं. दुखलं की अंग आणखी आवळतं. शिथिलीकरण म्हणजे या गाठीचा एक पदर सैल करणं. दुखणं त्यानं जात नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. दुखण्याभोवतीची आवळण कमी होते. कोणाला त्यामुळे झोप लागते, कोणाला पीठ मळता येतं.

करायचं अगदी साधं. मूठ निम्म्या ताकदीनं आवळायची, क्षणभर धरायची आणि सोडून द्यायची. सोडल्यावर हातात काय वाटतं तिकडे लक्ष द्यायचं. मग दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोटऱ्या. श्वास घेताना घाई नाही, सोडताना तर मुळीच नाही. आणि सगळ्यांत अवघड पथ्य म्हणजे बऱ्या दिवशी सगळं काम उरकायचं नाही. आमच्याकडे नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या असतात. वर्षभर मी एखाद्या बाईला निम्मं काम, मग विसावा, मग निम्मं असं शिकवतो, आणि नवरात्र तोंडावर आलं की ती एका दिवसात सगळ्या गोधड्या बडवते आणि घटस्थापनेला माझ्याकडे येते. "काय करू सर, त्या दिवशी बरं वाटून राहिलं होतं." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही.

गंमतीही होतात. एक डाळ मिलवाले शेठ यायचे, मानेचं दुखणं घेऊन. चटईवर पडता पडता म्हणायचे, "डॉक्टरसाब, ते तुमचं शिथिल काय असतं ते जरा लवकर करा, मला सौद्याला जायचंय." तळव्यांपासून सुरुवात करून मी गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत ते घोरायला लागत. जागे झाले की चिडायचे, "अहो, मशीन तर लावलीच न्हाई तुम्ही!"

शिकताना मला जो मजकूर मिळाला होता त्यात समुद्रकिनारा होता. तुम्ही वाळूवर पडला आहात, लाटा येत आहेत, जात आहेत. मी तो तसाच्या तसा म्हणायचो. नांदेडला हिमायतनगरकडच्या एक आजी होत्या, गुडघे आणि पाठ. लाटांपाशी आलो की त्या डोळे उघडून बसायच्या.

"आजी, झोपा ना."

"लेकरा, समुद्र म्या कुठं बघितला? पाणी म्हणलं की मला पैनगंगा दिसती. आन् ती आली की जीव घाबरा हुतो."

आम्ही सगळे हसलो, आजीही हसल्या. त्यांना नदीची भीती का वाटते हे मी विचारलं नाही. मला वाटलं, चूक समुद्राची आहे. परका मजकूर काढून आपल्या मातीतला घातला की झालं. मग मी स्वतः मजकूर लिहिला, आणि मला त्याचा फार अभिमान होता. त्यात काळी माती होती. 'तुम्ही काळ्या मातीवर पडला आहात. अंग जड होतंय. माती तुम्हाला आत घेतेय. हलावंसं वाटत नाही. हलू नका. डोळे मिटलेले राहू द्या. हळू श्वास घ्या. मी इथंच आहे.' नांदेडच्या एका कार्यशाळेत मी तो वाचून दाखवला. लोकांनी नकला मागितल्या. पुढे माझ्या आवाजात तो ध्वनिमुद्रित केला आणि क्लिनिकमध्ये चार्जिंगवाल्या स्पीकरवर लावायला लागलो.

माझी खरी घसरण तिथून सुरू झाली. आधी मी समोर बसून बोलायचो तेव्हा डोळे आपोआप त्या माणसावर असायचे. पापणी फडफडली, बोटं आखडली तर कळायचं आणि मी थांबायचो. आता बोलायचं काम माझा आवाज करायला लागला आणि मला काही काम उरलं नाही. त्या वर्षी माझी मुलगी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. क्लासवाले दर चाचणीचे मार्क पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. समोर माणूस सैल होत पडलेला आणि मी कोपऱ्यात स्टुलावर बसून मोबाईलवर अंगठा सरकवतोय, जबडा आवळून. स्पीकरमधून माझाच आवाज सांगतोय, जबडा सोडा.

सुनंदाताई याच काळात आल्या. नाव बदललंय. शिरूर अनंतपाळला अंगणवाडी सेविका होत्या. एसटीनं यायच्या, बरोबर नवरा, भगवानराव. ते तिथल्याच एका शाळेत लिपिक. आमच्याकडे बाईचं दुखणं नवराच सांगतो, तसं त्यांनीच सांगितलं.

"सर, सकाळी हिला उठवत न्हाई. अंगणवाडीत पोरं येऊन बसतेत आन् ही भिंतीला टेकलेली. वजन करायला पोरगं उचलत न्हाई हिच्यानं. सुपरवायझर मॅडमनी सांगितलंय, जमत नसंल तर काम सोडा."

"ताई, तुम्ही सांगा, काय होतंय?"

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सगळंच दुखतंय, सर. पण काम न्हाई सोडायचं मला. ती पोरं हायेत म्हून मी हाय."

काम टिकवायचं आणि झोप परत मिळवायची, एवढंच त्यांचं मागणं होतं. तपासण्या झालेल्या होत्या, गोळ्या चालू होत्या. गाव कोणतं म्हणून विचारलं, तर शिरूर म्हणाल्या. त्यांच्या वयाचा पुरुष आला की मी हटकून विचारतो, भूकंपात कुठं होता? लातूर जिल्ह्यात हा प्रश्न हवापाण्याच्या गप्पांसारखा निघतो. मी स्वतः तेव्हा नांदेडला शिकत होतो. कॉट हलली, आम्ही पोरं खाली पळालो, चहा प्यालो आणि परत येऊन झोपलो. माझ्या वाट्याला त्र्याण्णवचा भूकंप एवढाच आला. सुनंदाताईंना मी तो प्रश्न विचारला नाही, कारण शिरूर म्हटल्यावर मी मनात हिशेब केला की तिकडे तेवढं झालं नव्हतं. लग्न झालेली बाई गाव म्हणून सासरचं गाव सांगते. तिचं लहानपण त्या गावात गेलेलं नसतं. ही गोष्ट काही मला कोणी शिकवायला नको होती. माझ्या आईनं जन्मभर तसंच सांगितलं.

सुरुवातीला खुर्चीवर बसवून मुठी आणि श्वास शिकवला. त्या भराभर शिकल्या, खांदेही उतरायला लागले. मग चटईवर घेतलं आणि स्पीकर लावला. संपल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"चांगलं वाटलं, सर."

चेहरा पांढरा पडला होता. वेणीखाली मान घामानं भिजली होती. लाईट गेली होती, पंखा बंद होता, तेव्हा मी ते उकाड्यावर टाकलं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. हाताला हात लावून बघितला तर लाकडासारखा. मी काय म्हणावं? "ताई, तुम्ही धरून ठेवताय. सोडायचा प्रयत्नच करत नाही." आणि बाहेर भगवानरावांना सांगितलं, "यांच्याकडून घरी रोज करून घ्या. मी ऑडिओ पाठवतो. मध्ये कोणी यायला नको, खोलीचं दार लावून घेत जा."

भगवानराव बायकोवर जीव असलेला माणूस. त्यांनी रोज करून घेतलं.

काही आठवड्यांनी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज दबलेला. "सर, ती घरात येईना गेलीय. अंगणातच बसती. झोपायला म्हणलं की नुस्ती थरथरती. कामाला बी गेली न्हाई."

मी म्हणालो, "शरीर सैल व्हायला लागलं की कधी कधी असं होतं. चालू ठेवा."

फोन ठेवला आणि पुढचा पेशंट आत घेतला नाही. कारण मी जे बोललो ते मला ठाऊक नव्हतं, नुसतं तोंडातून निघून गेलं होतं. शिथिल करताना काहींची भीती उलट वाढते, डोळे मिटले की जीव कोंडतो, हे आमच्या पुस्तकात असतं. परीक्षेत मी त्यावर टीप लिहिली होती, मार्क मिळवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळचे नंबर रद्द करून मी मोटरसायकलवर शिरूरला निघालो. रस्ताभर एकच विचार. दुसरं काही मोठं दुखणं आपल्या नजरेतून सुटलं तर नाही ना? छातीचं काही? हँडल इतकं आवळून धरलं होतं की उतरल्यावर बोटं उघडेनात.

सुनंदाताई अंगणात, पत्र्याच्या शेडपासूनही लांब, उन्हाच्या कडेला पोत्यावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पदर सारखा केला.

"सर घरी आले म्हणजी मी खरंच लई आजारी हाय की काय?"

भगवानराव म्हणाले, "बघा, तोंड कसं चालतंय. झोप म्हणलं की मात्र—"

"तुम्ही आधी दूध आणा. सर काय काळा चहा पितेल का?"

ते गेले. मग त्या खाली बघत म्हणाल्या, "सर, राग येऊ देऊ नका. तुमचा तो आवाज बंद करायला सांगा ह्यांना. मी सांगितलं तर ऐकंनात. सरांनी सांगितलंय म्हणतेत."

"का ताई? काय होतं आवाजानं?"

त्यांनी माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. लातूर जिल्ह्यात ते नाव घेतल्यावर पुढे काही विचारावं लागत नाही.

"सातवीत व्हते मी. दगडमातीचं घर. मी आन् माय एकाच खोलीत. लई येळानं वरून मामाचा आवाज आला. हलू नको बाई. डोळे मिटून घे, माती जाईल. हळू दम घे. मी हितंच हाय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमीबी तेच म्हणता, सर. त्याच तालात."

मी पोत्याच्या कडेला खाली बसलो.

"माय शेजारीच व्हती. दिसत नव्हती. मी तिला म्हणत व्हते, माय, मामा गप पड म्हणतोय. ती ऐकंना, हाका मारत राहिली. मग न्हाई मारल्या."

मला, खरं सांगतो, थोडा रागच आला. आपल्यावर काही येतंय असं दिसलं की येतो तसा. "अहो, मग पहिल्याच दिवशी थांबवायचं ना मला! नुसतं उठून बसायचं!"

"कसं उठू?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "ऐकलं म्हून तर वाचले. मोठ्या माणसानं हलू नको म्हणलं की मी हलत न्हाई, सर. आन् मला वाटायचं, सर हायेत. काही झालं तर उठवतील. मामा हितंच हाय म्हणला, तर तो खरंच तिथंच व्हता. माझे हात मोकळे करस्तोवर जागचा उठला न्हाई."

आणि मग त्यांनी ते विचारलं. संशयानं नाही. आपलं खातरीसाठी विचारावं तसं. "मी डोळे मिटून पडलेली असायची, तवा तुमी बघत व्हता ना?"

"हो ताई, बघत होतो."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं, ते मी बघितलं. त्या वेळी मी बघत होतो.

भगवानराव दूध घेऊन आले. मी त्यांच्याच हातानं तो ऑडिओ पुसायला लावला. कारण सांगितलं. ते खोलीच्या दाराकडे बघत म्हणाले, "सर, दार मीच लावून घेत व्हतो. वरून म्हणत व्हतो, हलू नको गं."

"दार लावायला मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. तेवढं मी कबूल केलं. उरलेलं गिळलं आणि चहा प्यालो.

त्यानंतर मी पद्धत बदलली. ती वाचकांसाठी इथं लिहितो, कारण लेख मागितला होता तो याचसाठी. आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. मग बसून करा. पाय जमिनीला टेकलेले, दार दिसेल अशी खुर्ची. डोळे उघडे ठेवले तरी चालतात. समोरच्या एखाद्या वस्तूवर नजर ठेवा. हलावंसं वाटलं तर हला. घाबरल्यासारखं झालं, तर तो तुमचा दोष नाही, तिथंच थांबा आणि उठून चार पावलं टाका. शिकवणाऱ्याला सांगा. शिकवणारा ऐकत नसेल तर त्याच्याकडे जाऊ नका. कोणतंही चित्र डोळ्यांसमोर आणायचं तर ते तुमचं तुम्ही निवडा. मी आता समुद्रही सांगत नाही आणि मातीही. मी विचारतो. बाई आली की तिचं माहेर विचारतो, लहानपणी कुठं होता म्हणून विचारतो. बायकांना वाटतं डॉक्टर कुणाची तरी सोयरीक जमवतोय. एकीनं तर सांगूनही टाकलं, "माझी भाची हाय लग्नाची, पण पोरगा नोकरीवाला पायजे."

ज्यांनी माझ्या मजकुराच्या नकला नेल्या होत्या त्यांना फोन केले. एकजण हसला, "अरे, माझ्याकडे तर लोकांना झोप लागते त्यानं." लागत असेल. मी त्याला सुनंदाताईंचं सांगितलं, तेव्हा 'बघतो' म्हणाला. त्यानं तो मजकूर वापरायचा थांबवला की नाही, मला ठाऊक नाही. कोणाच्या खोलीत, कोणत्या बंद दारामागे माझा आवाज अजून 'हलू नका' म्हणत असेल, हा विचार एसटीत, जेवताना, मधूनच येतो आणि माझाच श्वास वर चढतो.

सुनंदाताई येतात. बऱ्याच महिन्यांनी घरात झोपायला लागल्या, दार उघडं ठेवून. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला आधी तयार नव्हत्या, आता जातात. काम टिकलं. पोराला वजनकाट्यात बसवायला मदतनीस बाई हात लावते, नोंद या करतात. दुखणं आहे. बरे दिवस आहेत, वाईट दिवस आहेत. पण वाईट दिवसांची त्यांना पूर्वीसारखी धास्ती वाटत नाही, असं त्या म्हणतात. माझ्याकडे दाराजवळच्या खुर्चीत बसून मुठी आवळतात, सोडतात. मी समोर असतो. मोबाईल बाहेर बायकोच्या टेबलावर असतो. ती विचारते, हल्ली फोन बाहेर का ठेवता? मी म्हणतो, व्यत्यय येतो.

मागच्या खेपेला त्या आपणहून म्हणाल्या, "सर, आज जरा डोळे मिटून बघते."

"काही गरज नाही ताई."

"बघते ना. तुमी हायेत की."

त्यांनी डोळे मिटले. चार-सहा श्वास, जास्त नाही. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी बघत राहिलो. त्यांनी डोळे उघडले आणि हसल्या. मला मात्र घाम फुटला होता. कारण त्यांनी डोळे मिटले ते माझ्या त्या एका 'हो'च्या भरवशावर. ते खोटं होतं हे कळलं तर त्या पुन्हा अंगणात जाऊन बसतील का? एवढी कमावलेली झोप जाईल का? मी स्वतःला सांगतो की त्यांच्या भल्यासाठी गप्प राहावं. आणि मग दिसतं की यात त्यांचं भलं किती आणि माझी अब्रू किती, हे मलाच नीट सांगता येत नाही. मला भीती वाटते, आणि त्यातली बरीचशी माझ्यासाठी आहे.

हा अंक भगवानरावांच्या शाळेच्या वाचनालयात दर दिवाळीला येतो. नाव बदललेलं असलं तरी त्यांना कळेल. मी संपादकांना विचारलं, लेख मागे घेऊ का? ते म्हणाले, छपाईला अजून वेळ आहे, तुम्ही ठरवा. मी राहू द्या म्हणालो. सुनंदाताई येत्या गुरुवारी येणार आहेत. छापील कागदावरून त्यांना कळायच्या आत, दार उघडं ठेवून, त्यांच्यासमोर खुर्चीत बसून 'ताई, तेव्हा मी बघत नव्हतो' हे वाक्य सांगायचं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.